राष्ट्रीय एटीएम जाळे : ‘स्वधन’ ते ‘रुपे’

भारतातील पहिले एटीएम एचएसबीसी बँकेने १९८७ मध्ये मुंबईत सुरू केले. पुढे इतर बँकांनीही यंत्रे बसविली; मात्र एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालत नसे. त्यावर उपाय म्हणून इंडियन बँक्स असोसिएशनने १९९७ मध्ये मुंबईत ‘स्वधन’ हे सामायिक जाळे उभारले. ते २००३ अखेर बंद पडले.

ऑगस्ट २००४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी संस्थेने ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ कार्यान्वित केला. अन्य बँकेच्या यंत्रात कार्ड घातले की हा स्विच मागणी खातेदाराच्या बँकेकडे पोहोचवितो व तिची मंजुरी यंत्राला कळवितो. बँकांमधील हिशेब नंतर चुकता होतो. डिसेंबर २००९ मध्ये स्विचचा कारभार नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आला. याच संस्थेने मार्च २०१२ मध्ये ‘रुपे’ हे देशी कार्ड आणले. व्हिसा, मास्टरकार्ड या परदेशी कंपन्यांवरील अवलंबित्व कमी करणे, हा त्यामागील हेतू होता. ऑगस्ट २०१४ मधील जनधन योजनेमुळे ते कोट्यवधी नव्या खातेदारांच्या हाती पोहोचले.

जाळे विस्तारले, तरी खात्यातून रक्कम वजा होऊनही यंत्रातून नोटा न येण्याचे प्रकार घडतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ मधील नियमानुसार अशी रक्कम पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे. त्यानंतर विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यामुळे व्यवहाराची पावती जपून ठेवणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.