तळें धन्याचें, बदक कोणाचें?

शेताच्या कोपऱ्यांत वितळलेल्या बर्फाचें व पावसाचें पाणी सांचून झालेलें लहानसें तळें. भोंवतीं लव्हाळ्यांची दाटी. त्या लव्हाळ्यांत पहाटेच्या काळोखांत दबा धरून बसलेला एकटा शिकारी, आणि खऱ्या बदकांना भुलविण्यासाठीं पाण्यावर सोडलेलीं लांकडी बदकें. बरोबर ना वाटाड्या, ना हांकारे. तळ्याच्या धन्याची परवानगी मिळाली कीं झालें! अमेरिकेंतील डाकोटा, मिनेसोटा या उत्तरेकडील संस्थानांत रानबदकांची शिकार अशा साध्या रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. परंतु या साध्या खेळांतूनच एक बिकट प्रश्न उभा राहिला. तळें शेतकऱ्याचें खरें. पण त्यावर उतरणारें बदक कोणाचें?

एकोणिसाव्या शतकांत याचें उत्तर सोपें होतें: जो मारील त्याचें. शहरांतील हॉटेलांना पक्षी पुरविणारे धंदेवाईक शिकारी होडीवर बसविलेल्या प्रचंड बंदुकीच्या एकाच बारांत डझनावारी पक्षी लोळवीत. पक्षी विणीसाठीं उत्तरेकडे परतत असतांनाहि बंदुकीला विसावा नसे.

१९१६ सालीं अमेरिकेनें कानडातर्फे ब्रिटनशीं प्रवासी पक्ष्यांच्या रक्षणाचा तह केला, व १९१८ सालीं त्याला अनुसरून कायदा झाला. वसंतांतील शिकार थांबली. रानबदकांची विक्री बंद झाली. मिसूरी संस्थानानें, आपल्या हद्दींतील पक्षी आपले आहेत, असें म्हणून या कायद्याला आव्हान दिलें. १९२० सालीं वरिष्ठ न्यायालयानें तें फेटाळलें. जो पक्षी काल येथें नव्हता व उद्यां कदाचित्‌ येथें नसेल, त्यावर एका संस्थानानें मालकी कशी सांगावी, असा न्यायमूर्ति होम्स यांच्या निकालाचा आशय होता.

कायद्यानें बंदूक आवरली. नांगर मात्र आवरला नाहीं. गव्हाच्या लागवडीसाठीं तळ्यांचें पाणी चर खणून काढून देण्यांत येत होतें, आणि १९३० नंतरच्या अवर्षणानें उरलेलीं तळींहि आटलीं. बदकें घरटीं करतात तीं याच तळ्यांच्या कांठीं. तळेंच नाहींसें झाल्यावर पक्ष्याला कायद्याचें अभय मिळून काय उपयोग?

यावर १९३४ सालीं निघालेला उपाय मोठा मार्मिक होता. बदकें मारूं इच्छिणाऱ्या, सोळा वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकानें एक डॉलरचें तिकीट टपाल कचेरींतून घ्यावें व त्यावर शाईनें सही करावी, असें ठरलें. पहिल्या तिकिटावरील चित्र व्यंगचित्रकार डार्लिंग यांनीं काढलें, व पहिल्या वर्षीं ६,३५,००१ तिकिटें खपलीं. हा पैसा पाणथळ जागा राखण्याकडे लागला. १९५८ पासून तो लहान तळ्यांपर्यंतहि पोहोंचला. शेतकऱ्यानें मोबदला घ्यावा, जमीन स्वतःकडेच ठेवावी, मात्र तळें बुजवूं नये किंवा त्याचें पाणी काढून देऊं नये, असा करार होऊं लागला.

२०१५ पासून हें तिकीट २५ डॉलरांचें झालें आहे, आणि या योजनेनें आजवर सुमारें ६० लाख एकर जागा राखली आहे. तळें धन्याचेंच राहिलें. पण त्यावर उतरणाऱ्या पाहुण्याच्या निवाऱ्याचा खर्च, त्याच्यावर नेम धरणाऱ्यालाच द्यावा लागला.