दापोलीचे पेन्शनर

रणांगण सुटलें कीं सैनिकाचा इतिहास संपतो, अशी आपली समजूत असते. दापोलीच्या महार पेन्शनरांकडे पाहिलें म्हणजे ती सोडून द्यावी लागते. पलटणींतील शाळांनीं त्यांस अक्षरओळख दिली होती. आणि पेन्शन घरीं येत असल्यामुळें पोटासाठीं गांवापुढें हात पसरण्याचें कारण उरलें नव्हतें. १८८६ सालीं निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर त्यांचे पुढारी. १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' लिहिलें व पुढें 'अनार्य दोष परिहारक मंडळी' उभी केली. १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हां १८९४ त या मंडळीतर्फें सेनापतींसाठीं अर्ज तयार झाला. अर्जदारांचें स्वतःचें पेन्शन बंद होणार नव्हतें. मागणें होतें तें पुढच्या पिढीसाठीं. वलंगकर १९०० त वारले. महायुद्धाच्या गरजेनें १९१७ त महारांची पलटण निघाली, ती १९२१ त मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ त. अर्जाला यश आलें नाहीं खरें. पण आपणांस मिळालेली भाकर दुसऱ्यांच्या हक्कासाठीं खर्चणें, हीच आम्ही त्यांची मोठी चाकरी समजतों.