मास्टर गार्डनर : परसबागेच्या सल्ल्याची लोकसेवा

अमेरिकेत शेतीचे संशोधन लोकांच्या दारी नेणारी जी व्यवस्था उभी राहिली, तिचा पाया १८६२च्या मॉरिल कायद्याने घातला. या कायद्यान्वये राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये निघाली; राहुरीच्या कृषी विद्यापीठासारख्या भारतीय संस्थांची घडणही पुढे याच नमुन्यावर झाली. १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अमेरिकेतील या व्यवस्थेला ‘विस्तार सेवे’ची जोड दिली, म्हणजे विद्यापीठात सिद्ध झालेले ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणारा सल्लागार काउंटीत, आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात, नेमला जाऊ लागला. मात्र ही सेवा मुख्यतः शेतकऱ्यासाठी योजलेली होती. परसात दोन गुलाब आणि एक सफरचंदाचे झाड लावणारा शहरी गृहस्थ तिच्या विचारात फारसा नव्हता.

वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल आणि टकोमा ही शहरे फैलावली, तेव्हा ही उणीव ठळक झाली. १९७०च्या दशकाच्या आरंभी किंग काउंटीत डेव्हिड गिबी आणि पिअर्स काउंटीत बिल शीअर हे विस्तार अधिकारी होते, आणि पानांवरचे डाग, मावा, हिरवळीतले शेवाळ अशा घरगुती प्रश्नांचा ओघ इतका वाढला होता की त्यांना व्यावसायिक बागाईतदारांसाठी वेळच उरत नसे. त्यांनी काढलेला मार्ग साधा, पण दूरदृष्टीचा होता : हौशी बागकाम करणाऱ्यांना विद्यापीठातील तज्ज्ञांनी शिकवावे आणि शिकणाऱ्यांनी त्या शिक्षणाची परतफेड पैशाने नव्हे, तर लोकांना सल्ला देण्यात घालवलेल्या तासांनी करावी. काही विद्यापीठीय तज्ज्ञांना हे पटेना, कारण थोडक्या प्रशिक्षणावर सामान्य माणूस रोगनिदान कसे करणार, ही त्यांची शंका होती, आणि चुकीच्या औषधफवारणीचे परिणाम पाहता ती गैरवाजवी म्हणता येत नाही. म्हणून १९७२मध्ये टकोमा मॉल या बाजारसंकुलात प्रायोगिक सल्लाकेंद्र मांडण्यात आले. तेथे लोटलेल्या गर्दीने गरज निर्विवाद ठरवली आणि १९७३मध्ये दोन्ही काउंट्यांत पहिले प्रशिक्षणवर्ग भरले.

‘मास्टर गार्डनर’ हे नाव जर्मन ‘गार्टनमाइस्टर’वरून घेतलेले आहे. जर्मनीत ही पदवी दीर्घ उमेदवारी आणि परीक्षा यांनंतर मिळते, त्यामुळे काही आठवड्यांच्या वर्गासाठी ती योजणे धाडसाचे होते. परंतु येथे तिचा खरा आशय प्रावीण्यापेक्षा उत्तरदायित्वाचा आहे. स्वयंसेवकाने स्वतःचा आवडता उपाय न सांगता संशोधनाने तपासलेलीच शिफारस सांगावी, ठाऊक नसेल तेथे रोगट फांदी तज्ज्ञाकडे पाठवावी, आणि ही उपाधी स्वतःच्या धंद्याच्या जाहिरातीसाठी वापरू नये, असे दंडक या कार्यक्रमाने घातले. पुढे तो अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत आणि कॅनडातही पसरला. सल्लाकेंद्रांबरोबरच शाळांच्या बागा, सामुदायिक मळे आणि गरजूंसाठी भाजीपाला पिकवण्याचे उपक्रम हे स्वयंसेवक चालवू लागले.