मटक्याला आठवण नसते

मागे ऐकू येतंय ना? बरं.

आजचा विषय ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि मटक्यावर व्याख्यान! विषय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. तो गोव्याला कॅसिनोत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, तिथे व्हिडिओ पोकरचं मशीन आहे. त्यावर गणिताने खेळता येतं." मी म्हटलं, हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. १९७९ साली, घाटकोपरला, माझ्या मामाच्या तोंडून. फक्त त्याच्या वाक्यात पोकर नव्हता, मटका होता.

मामा गिरणी कामगार. घाटकोपरहून लोकलने परळकडे जायचा, पाळीप्रमाणे. त्याच्याकडे वह्या होत्या. त्यांत रोजचा ओपन, रोजचा क्लोज, महिन्यामागून महिने, सुबक अक्षरात. मी तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागलो होतो. मामा म्हणाला, "बाळ, तू शिकलेला आहेस, यातलं सूत्र काढून दे."

ओपन आणि क्लोज हे शब्द आले कुठून? कापसाच्या बाजारातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव असे, तो तारेने मुंबईला यायचा आणि त्याच्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. यातली गंमत लक्षात घ्या. परळचा कामगार न्यूयॉर्कच्या भावावर पैसे लावतो, कारण तो भाव इथल्या कुणाला फिरवता येत नाही. जुगाराला सुद्धा प्रामाणिकपणाचा पुरावा लागतो. १९६१ च्या सुमारास तो आकडा येणं थांबलं आणि हा पुरावाच गेला. १९६२ मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी मटका’ सुरू केला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, म्हणून मटका. पुढे मडकं गेलं आणि पत्ते आले, पण नाव राहिलं. आकडा काढायचा तो लोकांसमोर. न्यूयॉर्कच्या जागी आता चारचौघांचे डोळे.

पद्धत थोडक्यात सांगतो, कारण हिशेब त्यावर आहे. (तिथे हसू नका, तुमच्यातल्या काहींना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.) तीन पत्ते काढायचे, समजा ४, ६, ९. बेरीज १९, शेवटचा अंक ९. हा ओपन. नंतर पुन्हा तीन पत्ते, त्यांचा अंक समजा १, तो क्लोज. जोडी झाली ९१. तीन पत्त्यांच्या संचाला पत्ती म्हणतात. अशा पत्त्या एकूण २२० होतात आणि प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ येतात: १२ तिन्ही वेगळ्या अंकांच्या, ९ दोन सारख्या अंकांच्या, एक तिन्ही सारख्यांची. चित्रांचे पत्ते काढून उरलेल्या ४० पत्त्यांतून तीन काढण्याचे ९,८८० मार्ग आहेत आणि प्रत्येक अंकाला त्यातले नेमके ९८८ मिळतात. म्हणजे पत्ते नीट पिसले असतील तर कुठल्याही अंकाची शक्यता दहात एक, ना कमी ना जास्त. हे मी मामाच्याच वहीच्या पाठीमागे मांडलं तेव्हा, खरं सांगतो, रचना इतकी सुंदर निघाली की मी क्षणभर कशासाठी मांडतोय ते विसरलो.

आता भाव. सुट्या अंकाला साधारण एकास नऊ, जोडीला एकास नव्वद. दहात एक शक्यता आणि मिळणार नऊ. शंभरात एक शक्यता आणि मिळणार नव्वद. दोन्हीकडे रुपयातले दहा पैसे गेले. मी मामाला म्हटलं, सूत्र एवढंच आहे.

मामा म्हणाला, "मग आमच्या खात्यातला अमुक अमुक गेल्या वर्षी नफ्यात कसा?" मी तेव्हा म्हटलं, नशीब. आज मला ते उत्तर अपुरं वाटतं. हिशेब करून बघा. रोज रुपयाची एक जोडी, वर्षाला ३०० दिवस. नफ्यात यायला चार वेळा जोडी लागली पाहिजे. तशी शक्यता सुमारे ३५ टक्के! म्हणजे एका खात्यात शंभर खेळणारे असतील तर पस्तीसेक जण वर्षअखेर खरोखर नफ्यात असतात. उरलेले पासष्ट गप्प बसतात आणि हे पस्तीस चहाच्या टपरीवर आपापली पद्धत सांगतात. त्यांच्यातला कुणीही खोटं बोलत नसतो.

मग मामाच्या वहीत चुकलं काय? १९६२ सालीच, म्हणजे वरळीत मटका सुरू झाला त्याच वर्षी, अमेरिकेत एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाचं ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आलं. ब्लॅकजॅकमध्ये गेलेले पत्ते लक्षात ठेवून खेळलं तर कॅसिनोवर मात करता येते, हे त्याने दाखवलं. कारण वापरलेले पत्ते लगेच परत जोडात जात नाहीत. चार एक्के गेले की गेले. उरलेल्या जोडाला त्यांची आठवण असते. मामाही तेच करत होता, गेलेले आकडे टिपत होता. पण मटक्यात रोज नवा जोड. कालचा ९ आज कुणालाच बांधील नाही. एक माणूस वहीला वही लावून आठवण ठेवतो आणि ज्या गोष्टीची ठेवतो तिला स्वतःला काही आठवत नाही!

आता विद्यार्थ्याचं मशीन. तिथे पाच पत्ते तुमच्यासमोर उघडे असतात. कुठले ठेवायचे, कुठले टाकायचे हे तुम्ही ठरवता. ठेवण्या-टाकण्याचे ३२ पर्याय, आणि न दिसणारे पत्ते नेमके ४७. म्हणजे प्रत्येक पर्यायाची किंमत काढता येते. गुलामाच्या जोडीपासून पैसे देणारा जो प्रकार आहे, त्यात फुल हाऊसला नऊ आणि फ्लशला सहा असा भाव असेल, तर बिनचूक खेळणाऱ्याला शंभर रुपयांमागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. तेच दोन भाव आठ आणि पाच केले की ९७ रुपये ३० पैसे. भाव मशीनवरच लिहिलेला असतो, तो आधी वाचावा. तेव्हा विद्यार्थी बरोबर होता: तिथे गणिताला काम आहे. पण ते काम बहुतेक वेळा हळू हरण्याचं आहे. त्यातही त्या सरासरीचा काही हिस्सा रॉयल फ्लशमधून येतो, आणि तो साधारण चाळीस हजार डावांत एकदा.

आपल्या कायद्यानेही हाच प्रश्न विचारलाय. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या सुमारास रमीला कौशल्याचा खेळ मानलं, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. न्यायमूर्तींनाही आठवणच महत्त्वाची वाटली. मला हा निकष पुरेसा वाटत नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मामाचं सांगून थांबतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मामाची गिरणी त्याच्यापुरती पुन्हा उघडली नाही. तो गेल्यावर माळ्यावरून वह्या काढल्या. शेवटच्या वहीत एक नवा रकाना होता, मी हिशेब मांडून दाखवल्यानंतर आखलेला: लावले, आले. शेवटी बेरीज. लावले ६१२, आले ५४०. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "बाळ म्हणाला तसंच." मी पान उलटलं. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीची तारीख होती आणि रुपयाची जोडी.