स्टॅनफर्ड विद्यापीठ : ऊर्जाव्यवस्थेचे नूतनीकरण
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील या विद्यापीठाने जुन्या इमारती न पाडता कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी राबवलेला प्रकल्प. 1987 पासून तेथे नैसर्गिक वायूवरील केंद्रातून वीज व वाफ मिळे. 2015 मध्ये ते बंद झाले. वाफेच्या नळांच्या जागी गरम पाण्याचे नळ टाकून 155 इमारतींतील जोडण्या बदलण्यात आल्या. खरी गोम उष्णतेच्या पुनर्वापरात आहे. पूर्वी एक इमारत गार ठेवताना काढलेली उष्णता शीतमनोऱ्यांतून हवेत जाई आणि त्याच वेळी शेजारची इमारत तापवायला वायू जाळला जाई. हा अपव्यय डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालला होता. आता तीच उष्णता विजेवरच्या यंत्रांनी गोळा करून गरम पाण्यात घालतात. मनोऱ्यांतील बाष्पीभवन घटल्याने पाण्याचीही बचत झाली.