पाप कुणाचं? केडगावचं १९०५चं उज्जीवन आणि एका शब्दाचा इतिहास

संशोधनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी मला हमखास एक प्रश्न विचारतात. धर्मांतरावर किंवा भक्तीवर काम करायचं, तर माणसाच्या आतल्या बदलाचा पुरावा आणायचा कुठून? जमिनीचा व्यवहार झाला की दस्त होतो, शाळा निघाली की हजेरीपट राहतो. 'मी पापी होते, आता बदलले' याचा दस्त कोण करणार? प्रश्न रास्त आहे, आणि नुसत्या पद्धतिशास्त्राच्या पुस्तकातून त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून एक प्रकरणच घेऊन बसू.

माझं काम भीमेच्या दोन्ही अंगांना आहे, म्हणजे आजचे शिरूर आणि दौंड तालुके. शिरूरच्या बाजूला केंदूर. तिथे संत कान्हो पाठकांची समाधी आहे, परंपरा त्यांना ज्ञानेश्वरांच्या काळातलं मानते. दौंडच्या बाजूला पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. एकाच नदीखोऱ्यात 'पाप' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी नांदत होता, आणि मला रस आहे तो त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत.

आधी एक कामाची सूचना, कारण यात लोकांचे आठवडे जातात. जुन्या इंग्रजी कागदांत केडगावचं स्पेलिंग कधी 'क'नं तर कधी 'ख'नं सुरू होतं. नगर शहराला लागून दुसरं केडगाव आहे, ते हे नव्हे. आणि १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये 'दौंड तालुका' शोधत बसू नका, 'भीमथडी' बघा. गावाचं नाव नीट लागलं नाही तर पुढचं सगळं बिनसतं.

आता शब्दाकडे येऊ. आपल्या रोजच्या बोलण्यात पाप एकटं येत नाही, पुण्याला धरून येतं. दोघांची खतावणी असते. व्रत केलं, दान दिलं, तीर्थ केलं की जमेची बाजू वाढते. आणि या खतावणीची पानं या जन्मापुरती नसतात, मागचं येणं-देणं पुढे ओढलं जातं. ख्रिस्ती शुभवर्तमानात जमेची बाजूच नाही. माणूस मुळात पापी आहे, स्वतःच्या पुण्यानं तो सुटत नाही, क्षमा मिळते ती ख्रिस्ताच्या बलिदानामुळे, तीही पश्चात्ताप केल्यावर. मिशनऱ्यांनी मराठीत लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी शब्द 'पाप' हाच उचलला, पण जोडीचं 'पुण्य' बाजूला पडलं. १८४१ साली हरी केशवजींनी जॉन बन्यनच्या रूपककथेचा 'यात्रिक क्रमण' हा मराठी अवतार काढला. त्यातला प्रवासी पाठीवर पापाचं ओझं घेऊन निघतो आणि क्रुसापाशी ते गळून पडतं. खतावणीऐवजी ओझं, असा हा बदल आहे. हिशेब चुकता करायचा असतो, ओझं उतरवायचं असतं. मला हा फरक साधा वाटत नाही.

रमाबाईंना खतावणीची भाषा आतून ठाऊक होती. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी, जन्म १८५८चा. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत वाढलेली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. १८७८ला भावासोबत कलकत्त्याला पोचल्यावर 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला, १८८० साली लग्न झालं, १८८२ला नवराही गेला. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, तान्ही मुलगी कडेवर घेऊन, त्या विधवा झाल्या. विधवेबद्दलचा समज काय होता, हे त्यांनी १८८७च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दल लिहिताना स्पष्ट मांडलंय: वैधव्य ही पूर्वजन्मीच्या घोर पापाची शिक्षा. आठ-दहा वर्षांच्या बालविधवेलाही हेच सांगितलं जाई.

इथे जरा थांबा. या मुलीवर लादलेलं पाप असं आहे, की तिला ते आठवत नाही, तिनं ते या देहानं केलेलं नाही, आणि त्याबद्दल माफी मागायची तर कुणाकडे, हेही कुणी सांगत नाही. फक्त भोगायचं.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या भगिनी-संघाकडे राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथलं आश्रयगृह दाखवलं. ज्यांना समाज 'पतित' म्हणून टाकतो अशा बायका तिथे राहत होत्या, आणि त्यांतल्या काही जणी आता दुसऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी पुढे १९०७च्या आत्मनिवेदनात या भेटीला मोठी जागा दिली आहे. अशा स्त्रीला धर्मशास्त्रात कोणती शिक्षा सांगितली आहे हे त्यांना माहीत होतं, आणि इथे ती बाई चालती-बोलती, बदललेली समोर उभी होती. तुम्ही या बायकांची काळजी का करता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांच्या स्वतःच्या लेखी बदल तेव्हा पुरा झाला नव्हता. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, अशा अर्थाचं त्या लिहितात. दुसरा टप्पा येतो १८९१च्या सुमारास, शारदा सदन पुण्यात आल्यानंतर. बुद्धीला पटलेला धर्म आणि स्वतःला पापी म्हणून ओळखून मिळालेली क्षमा या दोन गोष्टी त्या वेगळ्या करतात. संशोधकाच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे. बहुतेक चरित्रांत १८८३ या सालावर लाल शिक्का असतो, कारण बाप्तिस्म्याची नोंद होते. आतल्या बदलाची नोंद होत नाही, ती माणसानंच नंतर सांगावी लागते, आणि नंतर सांगताना माणूस आपल्या आयुष्याची पुन्हा मांडणी करतो. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' (१८८८) वाचलंत तर तिथेही हेच दिसेल. १८५४च्या बाप्तिस्म्याकडे तीन दशकांनंतर वळून पाहिलेलं आहे. म्हणून अशा लेखनाला दोन तारखा लावायची सवय ठेवा: घटनेची आणि लेखनाची.

मधल्या काळातलं पटकन सांगते. १८९३ला शारदा सदनात मुली ख्रिस्ती होतायत या आरोपावरून पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार म्हणून असलेला संबंध तोडला. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर वस्ती हलली. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी तिथे वेगळं 'कृपा सदन' होतं. फुलहॅम आठवतंय ना?

आणि मग १९०५. वेल्समध्ये १९०४पासून मोठं उज्जीवन सुरू होतं, त्याच्या बातम्या मिशन पत्रांतून येत होत्या. आसामकडे खासी टेकड्यांतही तसंच काही घडू लागलं होतं. केडगावला जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेची बैठक सुरू केली. आधी सत्तरेक जणी, जूनपर्यंत साडेपाचशे, दिवसातून दोनदा. त्यांपैकी तीसेक मुली आसपासच्या गावांत जाऊन सुवार्ता सांगायला तयार झाल्या होत्या. २९ जूनच्या पहाटे त्यांच्यातली एक मुलगी जागी झाली ती आपल्यावर अग्नी उतरल्याचं सांगत. शेजारची मुलगी खरोखरची आग समजून पाण्याची बादली आणायला धावली, आणि ओतणार तेवढ्यात तिला कळलं की काहीही पेटलेलं नाही. ही हकीकत मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी मिशनरीनं लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, रमाबाई योहानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांतपणे समजावत होत्या. मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे कित्येक दिवस वर्ग नीट भरले नाहीत.

आठवा अध्याय जरूर काढून बघा. त्याच्या सुरुवातीला व्यभिचारात सापडलेल्या बाईची गोष्ट आहे, जिला दगडमार व्हायचा असतो आणि होत नाही. पुढे पापाच्या गुलामीतून मोकळं होण्याचं बोलणं आहे. संस्थेचं नावच 'मुक्ती' असलेल्या घरात हा अध्याय वाचला जात होता.

आता या रडण्याकडे इतिहासकारानं कसं बघायचं? सोपं उत्तर असं, की दुष्काळातून आणलेल्या, अन्नवस्त्रासाठी संस्थेवर अवलंबून असलेल्या मुली. त्यांच्याकडून जे अपेक्षित होतं ते त्यांनी केलं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. सत्तेचा प्रश्न तिथे आहेच, आणि ज्या मुलीवर इतरांनी अन्याय केला तिनंच 'मी पापी' म्हणत रडावं, हे वाचताना मला अस्वस्थ व्हायला होतं. शिवाय आपल्याकडे पोचलेलं वर्णन बहुतांशी इंग्रजीत, मिशनला मदत करणाऱ्या परदेशी वाचकांसाठी लिहिलेलं आहे. मुलींची नावं त्यात क्वचित येतात, त्यांची मराठी त्याहून क्वचित.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण त्या मुलींना दुसऱ्यांदा मुकं करतो. म्हणून मी उलटा प्रश्न विचारते. 'मी पापी आहे' या वाक्यातून त्यांच्या हाती काय लागलं? पूर्वजन्मीचं पाप कबूल करता येत नाही, कारण ते आठवतच नाही. पण काल बोललेलं खोटं, बहिणीशी केलेलं भांडण, मनात धरलेला द्वेष कबूल करता येतो. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि क्षमा झाली की ते संपतं. ज्या मुलीला आयुष्यभर न केलेल्या पापाची शिक्षा सांगितली गेली, तिला इथे पहिल्यांदा स्वतःचं, बेताच्या आकाराचं, माफ होऊ शकणारं पाप मिळालं. ऐकायला विचित्र वाटेल, पण पापी ठरणं हे तिच्यासाठी कर्ती ठरणंही होतं. ख्रिस्ती मराठीतला 'नवा जन्म' हा शब्दही तिच्या कानाला वेगळा लागला असणार. इंग्रजी वाचकाला ते रूपक, हिला तो मागच्या जन्माचा हिशेब बंद करणारा शब्द. त्या वर्णनांत हुंदक्यांनंतर लगेच हसू, गाणं, टाळ्या येतात. हा क्रम मला या अर्थानंच समजतो. माझं हे वाचन अंतिम नाही, त्यावर वाद घाला.

वाद घालायचा एक चांगला रस्ता केंदूरच्या बाजूनं येतो. वारकरी म्हणेल, क्षमा काय तुम्ही बाहेरून आणलीत? नामानं पाप जळतं हे आम्ही शतकानुशतकं गातोय. अजामिळ तरला, पोपटाला नाव शिकवता शिकवता गणिका तरली, मंगळवेढ्याची कान्होपात्रा तर विठ्ठलाच्या पायाशीच विसावली. हा मुद्दा खरा आहे. रमाबाईंच्या लेखनात हिंदू धर्म म्हणजे प्रामुख्यानं शास्त्रं आणि पुराणं, त्यांचं बालपणच त्यात गेलेलं. अभंगांतला पतितपावन त्यांच्या मांडणीत जवळजवळ दिसत नाही, आणि ही मला त्यातली उणीव वाटते. पण दुसरी बाजूही बघा. गणिका कीर्तनात तरत होती, त्याच वेळी एकोणिसाव्या शतकातल्या जिवंत बाईला रात्री टेकायला ओसरी कुणी द्यायची? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच फटीसाठी, आणि त्यांना त्यासाठी ख्रिस्ती व्हावं लागलं नाही. म्हणजे क्षमेची कल्पना असणं वेगळं आणि क्षमेला पत्ता असणं वेगळं. केडगावला पत्ता होता.

पुढचा धागा तर थेट जगाच्या इतिहासात जातो. एब्रम्सनं १९०६ साली या अनुभवावर छोटं पुस्तक लिहिलं. ते चिलीत वालपाराइसो इथल्या हूवर दांपत्याकडे पोचलं, आणि १९०९च्या तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या मुळाशी त्याचं नाव घेतलं जातं. पेंटेकोस्टल इतिहास बराच काळ लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून, एप्रिल १९०६पासून, सांगितला जाई. भीमथडीतलं केडगाव त्याच्या आधीचं आहे. या विषयात प्रपोजल लिहिणाऱ्यांनी हा कालक्रम पाठच करून ठेवावा.

रमाबाई मात्र त्यानंतर दुसऱ्याच कामात बुडाल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं सगळं भाषांतर नव्यानं करायला घेतलं, साध्या, गावाकडच्या बाईलाही कळेल अशा मराठीत. मुलगी मनोरमा १९२१ला गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ला. छपाई १९२४ला पुरी झाली, मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, जिथे काम करणाऱ्या त्या घरातल्याच बायका-मुली होत्या. उज्जीवनाची इंग्रजी वर्णनं आपण सगळे वाचतो. त्या बायबलची मराठी मात्र 'पाप', 'तारण', 'क्षमा' हे शब्द समोर धरून, अध्यायामागून अध्याय, जुन्या मिशनरी भाषांतराशी ताडून बघायला हवी. मी सध्या योहानाच्या आठव्या अध्यायावर आहे.