केलियातील दुपार

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमध्ये, नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, केलिया या वाळवंटी वस्तीत ख्रिस्ती संन्यासी एकमेकांपासून दूर कुट्या बांधून राहत. आठवड्याचे पाच दिवस प्रत्येक जण एकांतात प्रार्थना व हातकाम करी आणि शनिवार-रविवारी सारे उपासनेसाठी एकत्र जमत. या एकांतात मनाला ग्रासणाऱ्या ग्लानीला ते ग्रीक भाषेत ‘अकेडिया’ म्हणत, आणि ती भर दुपारी गाठते म्हणून, स्तोत्रसंहितेतील 91व्या स्तोत्राच्या ग्रीक पाठाला अनुसरून, तिला ‘दुपारचा दैत्य’ असेही नाव पडले.

तिचे सर्वांत सूक्ष्म वर्णन इव्हाग्रियस पाँटिकस (सुमारे 345–399) याने ‘प्राक्टिकोस’ या ग्रंथात केले आहे. कॉन्स्टँटिनोपलमधील मानाचे धर्मपद सोडून आणि जेरुसलेममध्ये दीर्घ आजार सोसून तो या वस्तीत आला होता. त्याच्या वर्णनातील संन्याशाला सूर्य जागचा हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटते. तीनच्या सुमाराची जेवणाची वेळ झाली का हे पाहण्यासाठी तो पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो. त्याला ती जागा, हातातले काम आणि अखेरीस जगणेही नकोसे होते, आणि बांधवांमधले प्रेम आटले, आता धीर देणारे कोणी उरले नाही, अशी त्याची खात्री पटते. आधुनिक वैद्यकातील नैराश्याशी ही अवस्था तंतोतंत जुळवणे घाईचे ठरेल; तथापि खचलेल्या मनाची इतकी जवळून केलेली नोंद प्राचीन वाङ्मयात विरळाच.

असे विचार मनात येणे माणसाच्या हाती नाही, त्यांना मुक्काम करू द्यावा की नाही एवढेच त्याच्या हाती आहे, अशी इव्हाग्रियसची धारणा होती, आणि या परंपरेतील सांत्वनाचे मूळ तेथेच सापडते, कारण ग्लानी आली म्हणून कोणी देवाला पारखा झाला असे ही परंपरा मानत नव्हती. म्हणूनच त्याने सांगितलेले उपायही सौम्य आहेत: कुटी सोडू नये, अश्रू आवरू नयेत, आणि 42व्या स्तोत्राच्या कर्त्याप्रमाणे आपल्या जिवाचे दोन भाग कल्पून एकाने दुसऱ्याला धीर द्यावा. संन्याशांच्या वचनसंग्रहात अँथनी या वाळवंटी संन्याशाची कथा येते: ग्लानीने त्रस्त होऊन त्याने देवाला मार्ग विचारला, तेव्हा त्याला आपल्यासारखाच एक जण बसून दोर वळताना, मग उठून प्रार्थना करताना आणि पुन्हा दोर वळायला बसताना दिसला, तो देवदूत होता. उत्तर म्हणून त्याला दिवसाची एक साधी लय मिळाली, आणि खचलेल्या माणसाला पेलवेल असे तेवढेच असते. बायबलमधील एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश न करता आधी भाकर व पाणी दिले, हेही येथे लक्षात घ्यावे.

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन कॅसियन या संन्याशाने ही शिकवण दक्षिण गॉलमधील मठांत नेली. बाजारापासून फार दूर राहणारा पॉल नावाचा संन्यासी वर्षभर ताडपत्रांचे काम करी आणि विक्री शक्य नसल्याने वर्षाअखेरीस सारे जाळून टाकी, ही हकिगत त्याने आवर्जून नोंदवली, कारण तेथे श्रमाचे मोल मन सावरण्यात होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याच्या दुर्गुणांच्या यादीत मात्र अकेडियाला वेगळे स्थान उरले नाही, तेथे खिन्नतेचाच उल्लेख राहिला. आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय प्रवचनांत अकेडिया म्हणजे मुख्यतः धर्मकर्तव्यातील आळस, असा अर्थ रूढ झाला. ज्याला केलियात धीर दिला जात होता, त्याच्यावर आता दोषारोप होऊ लागला, आणि ख्रिस्ती सांत्वनाच्या इतिहासातील ही मोठी हानी होय.